पहिल्या खाटेचा मान

आमच्या बाहेरच्या खोलीत काचेचं एक मोठं कपाट आहे. ढाली, चषक, पितळी पट्ट्या, मखमली खोकी, सगळं ह्यांच्या रक्तदानाचं. नवा माणूस घरात आला की आधी त्या कपाटापुढे उभा राहतो आणि मग मला म्हणतो, "भाग्यवान आहात हो वहिनी." मी मान डोलावते. त्यांना काय ठाऊक, त्यातला निम्म्याहून जास्त माल आमच्याच दुकानातला आहे.

आमचं दुकान सन्मानचिन्हांचं. पुढे काउंटरवर हे बसतात, मागच्या खोलीत मी कोरीवकाम करते. शाळांच्या शर्यती, कारखान्यातले निरोपसमारंभ, पतपेढीचे सत्कार, सगळं आमच्याकडून जातं. रक्तदाता मंडळाला ह्यांचा सत्कार करायचा असला की मंडळाचे सेक्रेटरी ऑर्डर आमच्याकडेच देतात. मी पट्टीवर ह्यांचं नाव कोरायचं, पट्टी लाकडाला चिकटवायची, खोक्यात घालून सेक्रेटरींच्या हातात द्यायची, आणि संध्याकाळी तेच खोकं टाळ्या घेऊन घरी परत यायचं. देवाचं नाव मी जेवढ्यांदा घेतलं नसेल तेवढ्यांदा नवऱ्याचं कोरलंय.

सुरुवात मात्र खरी होती, ते नाकारणार नाही. हे लहान असताना ह्यांची आई बाळंतपणात गेली. रक्त हवं होतं, ह्यांचे वडील गावभर फिरले, कुणी दिलं नाही. त्या काळी लोक घाबरायचे. वयात आल्याबरोबर ह्यांनी पहिली बाटली दिली ती आईचं नाव घेऊन. लग्नानंतर पहिल्यांदा मला हे सांगितलं तेव्हा मी रडले होते, आणि असा माणूस मिळाला म्हणून मनातून सुखावलेही होते. पण पुढे मंडळ निघालं, फलक लागले, सगळं गाव ह्यांना भाऊ म्हणायला लागलं, आणि कसं कोण जाणे, आई मागे पडत गेली आणि भाऊ पुढे आले.

तीन महिन्यांतून एकदाच रक्त द्यावं असा नियम आहे. तो इतरांसाठी. हे दोन रक्तपेढ्यांमध्ये आलटून पालटून जायचे, म्हणजे एकीचं दुसरीला कळायला नको. मी भांडले, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. एकदा मी सोबत होते. रक्त घेण्याआधी बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. थेंब तळाला गेला तर रक्त चांगलं, वरच राहिला तर कमी. ह्यांचा थेंब मधेच घुटमळत राहिला. तिथला मुलगा म्हणाला, "भाऊ, हा जात नाही खाली." हे म्हणाले, "अरे, जरा धीर धर, जाईल." दोघंही त्या नळीकडे बघत उभे. शेवटी तो मुलगाच दमला आणि म्हणाला, "जाऊ द्या, भाऊंचं काय तपासायचं." 

आमचा जावई शिवणयंत्रं दुरुस्त करतो. कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात शंभरेक यंत्रं त्याच्या हाताखाली. दिवसभर सुया बदलतो, पण इंजेक्शनची सुई नुसती दिसली तरी घामाने भिजतो आणि खाली बसतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिबिरात त्याला घेरी आली. तेव्हापासून ह्यांनी त्याचं नाव घेरीबहाद्दर ठेवलं. बरं, चारचौघांत एकदा म्हटलं, झालं. नाही. दरवर्षी शिबिरात माइकवरून, "आमचे जावईबापू दाराबाहेर उभे आहेत, त्यांना सुईचा वास लागतो." लोक हसायचे. जावईही हसायचा. मुलगी हसायची नाही.

ह्यांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं ते दुकानात, वरच्या फळीवरचा चषक काढताना. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा दुखलं तेव्हा नेमका जावई काउंटरशी उभा होता. त्याने काही न विचारता ह्यांना गाडीत घातलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिन्ही नळ्या तुंबलेल्या निघाल्या. सर्जन म्हणाले, बायपास करावी लागेल, पण घाबरायचं कारण नाही, रोजचं काम आहे आमचं.

घाबरवलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी. ऑपरेशनच्या आधी त्या तपासायला आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं सरळ.

"हिमोग्लोबिन नऊ आहे तुमचं. पुरुषाचं तेरा तरी हवं. रक्त जातंय कुठे? मूळव्याध आहे? शौचाला काळी होते? पोट दुखतं?"

"छे, छे," हे म्हणाले.

"दुखण्यावरच्या गोळ्या खाता रोज?"

"गोळीला हात लावत नाही मी."

"मग एवढं रक्त गेलं कुठे?"

"वाटलं," मी म्हणाले. "हे रक्तदाते आहेत."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "शेवटचं कधी दिलंत?"

"झाले की बरेच दिवस."

"मागच्या महिन्यात दिलंय बाबांनी," मुलगी म्हणाली. "आणि त्याच्या आदल्या महिन्यात दुसरीकडे."

बाई रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे समजावून सांगितलं. ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात आणि रक्त एका यंत्रातून फिरवतात. त्या यंत्रात आधीच सलाईन भरलेलं असतं, ते रक्तात मिसळतं आणि रक्त पातळ होतं. चांगल्या रक्ताच्या माणसाला ते सोसतं. ह्यांचं म्हणजे आधीच पाणचट चहा, त्यात आणखी पाणी. मग दुसऱ्यांचं रक्त भरत बसावं लागतं, आणि जितक्या जास्त पिशव्या तितका मूत्रपिंडाला त्रास, जंतूंची भीती, हॉस्पिटलातला मुक्काम लांब. "दुसऱ्याचं रक्त जीव वाचवतं," त्या म्हणाल्या, "पण ते लागू नये अशी तयारी करणं हे माझं काम. काही आठवडे थांबू. शिरेतून लोह देऊ. तुमचं रक्त वाढलं की मग ऑपरेशन."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "ऐकलंस? मला रक्त चढवणार म्हणे. मला."

"चढवायला लागू नये म्हणूनच थांबतायत," मी म्हणाले.

"लोक काय म्हणतील त्याचा विचार कर जरा." माणसाच्या तीन नळ्या तुंबल्यात आणि त्याला लोकांची चिंता.

तरी लोहाच्या सलाईनला हे मुकाट्याने गेले. कोऱ्या चहाच्या रंगाचं ते औषध थेंबथेंब आत जायचं आणि जावई शेजारी बसायचा, नजर खिडकीबाहेर लावून, सुईकडे पाठ करून. मी घरी पथ्याचं करत होते, गोळ्या वेळेवर देत होते, जेवणावर चहा बंद केला होता कारण त्याने लोह अंगी लागत नाही असं बाईंनी सांगितलं होतं. ह्यांच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा कमी झाला. रक्त तपासलं, साडेअकरा भरलं. बाई खूश झाल्या, पाठोपाठ ऑपरेशनची तारीखही ठरली. इतक्या दिवसांनी मला पोटभर झोप लागली.

आणि मधेच आला ह्यांच्या आईचा स्मृतिदिन.

त्या दिवशी शाळेच्या सभागृहात ह्यांचं शिबिर असतं. समोर आईचा फोटो, फोटोखाली पहिली खाट, आणि पहिल्या खाटेवर हे. बाकी कुणाला सुई टोचण्याआधी ह्यांना टोचायची, वर्तमानपत्रवाल्यांनी फोटो काढायचा, मग शिबिर सुरू. इतकी वर्षं तो मान दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

"ह्या वर्षी पुढे ढकला," मी म्हणाले.

"आईचा दिवस पुढे ढकलतात का?"

"मग मंडळ करेल, तुम्ही घरी बसा."

"खुर्चीवर बसेन. नुसता बसेन. झालं?"

मुलीने ह्यांच्याकडून शब्द घेतला. ह्यांनी तो दिला. शब्द द्यायला ह्यांना कधीच कष्ट पडत नाहीत.

त्या वर्षी सेक्रेटरींनी एक नवं काम केलं होतं. दरवेळी आमच्या हॉस्पिटलच्याच पेढीला बोलवायचे, ते लोक चहा-बिस्किटावर भागवायचे. ह्या वेळी मोठ्या शहरातली पेढी बोलावली, कारण ती प्रत्येक दात्याला छापील टी-शर्ट देणार होती, छातीवर मंडळाचं नाव आणि पाठीवर ह्यांचा फोटो. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, यंदा सगळे विक्रम मोडू." आणि खरंच मोडले. रांग फाटकाबाहेर गेली. आमचे शेजारी आले, ह्यांचे चुलतभाऊ आले, बाजारपेठेतले झाडून सगळे आले. हे माइकवरून सांगत होते, आरोग्य सांभाळा, भरपूर पाणी प्या, तब्येतीची हेळसांड करू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी मागे चहाच्या टेबलाशी होते.

थोड्या वेळाने माइकचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर हे पहिल्या खाटेवर, बाही वर गुंडाळलेली, समोर वर्तमानपत्रवाला. मनात म्हटलं, फोटोपुरते आडवे झाले असतील. तरी पाय आपोआप तिकडे गेले. जवळ जाते तो नळी लाल, आणि खाली पिशवी हळूहळू डोलतेय.

"अहो, हे काय?"

"हळू बोल. फोटोपुरतं."

"फोटोपुरतं रक्त काढतात?"

"मग काय रिकामी पिशवी लावून झोपू? आईच्या फोटोखाली खोटं करू?"

शिबिराचा डॉक्टर परगावचा. ह्यांनी त्याला सांगितलं होतं, आजार नाही, औषध नाही, काही नाही, आणि भाऊ म्हणून थेंबही कुणी तपासला नव्हता. मी त्याला हाक मारायला वळले तर सेक्रेटरी आडवे आले. त्यांना ऑपरेशनचं सगळं ठाऊक होतं. ते माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, आता मधेच काढली तर पिशवी अर्धवट राहते. अर्धवट पिशवी फेकून द्यावी लागते. भाऊंचं रक्त वाया जाईल."

मी डॉक्टरला हाक मारलीच. तो येईपर्यंत पिशवी भरली होती. लोहाच्या किती बाटल्या, किती पथ्यं, जावयाच्या किती खेपा, सगळं त्या पिशवीत जाऊन बसलं आणि कुणीतरी ती उचलून बर्फाच्या पेटीत ठेवली. हे उठून बसले, टी-शर्ट घेतला, आणि मला म्हणाले, "बघ, काही झालं का?"

झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून उठलेही नव्हते, नुसते पडल्या पडल्या छाती धरली. ओठ पांढरे पडले. जावई धावत आला, आणि आम्ही पुन्हा त्याच हॉस्पिटलात. रक्त तपासलं. साडेनऊ.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मग ह्यांच्याकडे पाहिलं, मग कोपराच्या खळीतली ती ताजी टोचल्याची खूण पाहिली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "आता थांबायला वेळ नाही. हृदयाला रक्त पुरत नाहीये. उद्या सकाळी ऑपरेशन करावंच लागेल, आणि आता बाहेरचं रक्त लागणार, भरपूर लागणार. आठ पिशव्या तयार हव्यात. त्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत आणि मी भूल देणार नाही."

मी मनात म्हटलं, रक्ताची काय चिंता. ज्याच्या एका शब्दावर गाव बाह्या सरसावून उभा राहतो, त्याला आठ पिशव्या म्हणजे किरकोळ. ह्यांचा गटही काही दुर्मिळ नाही, बी पॉझिटिव्ह, रस्त्यात चार माणसं थांबवली तर त्यातला एक निघतोच.

हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावरच्या रक्तपेढीतली मुलगी म्हणाली, "काकू, दोनच आहेत बी पॉझिटिव्ह. माणसं आणा."

"दोन? एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात?"

"काल गावातलं सगळं रक्त परगावी गेलं ना शिबिरातून. आमच्याकडे आता तीन महिने कोण येणार?"

मला पहिल्यांदा ती काय म्हणतेय ते कळलंच नाही. कळलं ते सेक्रेटरी आल्यावर. ते घाईघाईने आले, खिशातून फोन काढला, म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा. दहा मिनिटांत वीस माणसं उभी करतो." आणि माझ्यासमोर एकेकाला फोन लावायला लागले. आधी हसत, मग नुसतं बोलत, मग कपाळ पुसत. पलीकडचा प्रत्येक जण तयार होता, येतोच म्हणत होता, आणि प्रत्येकाने काल दिलेलं होतं. चुलतभावांनी काल दिलेलं. बाजारपेठेने काल दिलेलं. स्वतः सेक्रेटरींनी काल दिलेलं, टी-शर्ट अंगातच होता. तीन महिने त्यांच्यापैकी एकाचंही रक्त चालणार नव्हतं. हा नियम गावाला घरोघर जाऊन ह्यांनीच शिकवला होता, आणि गावाने तो पाळला होता.

"कालच्या पिशव्या परत मागवा," मी म्हणाले.

त्यांनी परगावी फोन केला. ते लोक म्हणाले, बहुतेक माल पुढे गेला, उरलेल्याच्या तपासण्या चालू आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत बघतो. ऑपरेशन उद्या सकाळी.

"काय करू वहिनी," सेक्रेटरी म्हणाले. "भाऊंच्या शिबिराला नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही हो."

मला त्यांच्या पाठीवरचा ह्यांचा हसरा फोटो बघवेना. मी पेढीतल्या मुलीकडे गेले आणि हात पुढे केला. म्हटलं, माझं घे. तिने बोटाला टोचलं, थेंब निळ्या पाण्यात सोडला. माझा थेंब घुटमळलाही नाही, सरळ वरच तरंगत राहिला.

"काकू, तुमचंच नऊला टेकलंय," ती म्हणाली. "कधी तपासलं नव्हतं?"

नव्हतं. घरात रक्ताशिवाय दुसरा विषय नाही, कपाट ढालींनी भरलेलं, गावात येईल त्याच्या बोटाला टोचून बघायचे, आणि मला जिना चढताना धाप लागते हे कुणाला दिसलं नाही. मीसुद्धा म्हणायची, वय झालं. माझी मुलगी पुढे झाली तर तिचं मूल अजून अंगावर पीत होतं, तिलाही परत पाठवलं. आम्ही दोघी मायलेकी त्या बाकावर बसलो. ती रडत होती आणि मी सेक्रेटरींना, मंडळाला, त्या टी-शर्टला आणि आत झोपलेल्या माझ्या नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. हे मरणार, असं मला तेव्हा अगदी स्पष्ट दिसत होतं.

जावई कुठे दिसेना. सुयांचं ठिकाण, गेला असेल बाहेर, असं मला वाटलं आणि त्याचा रागही आला नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या फाटकात कारखान्याचा टेम्पो उभा राहिला. त्यातून बायका उतरल्या, काही पुरुष उतरले, अंगावर दोऱ्याचे तुकडे तसेच, आणि सगळ्यांत शेवटी जावई. त्याने आल्या आल्या फार काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाला, "आई, ह्यांच्यापैकी कुणी काल शिबिराला गेलेलं नाही. यांना सुट्टीच नव्हती."

रांग लागली. जवळजवळ अर्ध्या बायका थेंबावरच परत फिरल्या. दिवसभर यंत्रावर वाकून शिवायचं, घरी जाऊन रांधायचं आणि उरलेलं खायचं, कुठून बुडणार थेंब. परत फिरलेल्यांना वाईट वाटत होतं, एकीने तर दुसऱ्या बोटाचं घेऊन बघा असं सांगून पाहिलं. ज्यांचं चाललं त्यांतून गट जुळले, आणि जे जुळले नाहीत त्यांच्या बदल्यात पेढीने जिल्ह्याच्या पेढीकडून मागवून देऊ म्हटलं. तरी एक कमी पडत होती.

"माझा बी पॉझिटिव्ह आहे," जावई म्हणाला.

खाटेवर आडवा झाला तेव्हाच त्याला घाम फुटला होता. सुई जवळ आली आणि डोळे फिरले. पेढीतल्या मुलीने त्याचे पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं, म्हणाली, "दादा, राहू द्या, तुम्हाला नाही जमणार." तो सावरेपर्यंत ती सुई गुंडाळायला लागली होती. तो म्हणाला, "थोडं थांबून परत बघू." थोडं थांबून परत घेरी. माझी मुलगी पुढे गेली, ओढणीने त्याचे डोळे घट्ट बांधले आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्यांदा सुई गेली. शीर सापडायला वेळ लागला, सगळा दंड काळानिळा झाला, आणि तो दात आवळून यंत्रांच्या भागांची नावं पुटपुटत होता, एकामागून एक, पाठ केल्यासारखी. पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन लांबलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "यंत्रावरून उतरवताना रक्तस्राव झाला," त्या म्हणाल्या. "आठच्या आठ पिशव्या लागल्या. त्या नसत्या तर मी आत्ता तुम्हाला वेगळं काही सांगत असते."

पुढचे काही दिवस मूत्रपिंडं रुसली, लघवी कमी झाली, ताप आला. बाईंनी आधी सांगितलेलं एकेक खरं होत गेलं. मग हळूहळू सावरले. अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणलं त्या दिवशी मी तिथल्या तिथे खुर्चीत बसून रडले. राग होता, पण माणूस जिवंत होता, आणि मला तो हवा होता. खोटं कशाला बोलू.

जावई कामावर जाण्याआधी रोज यायचा. ह्यांची दाढी करायचा, अंग पुसायचा. त्या दिवशी तो वाटीतून ह्यांना पातळ सूप भरवत होता, मुलगी उशाशी उभी होती, तेवढ्यात मंडळ आलं. सेक्रेटरी आणि आणखी चौघं, हातात फुलं.

"भाऊ, घाबरवलंत की आम्हाला," सेक्रेटरी म्हणाले.

"घाबरता काय," हे म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण त्यात तो माइकवरचा सूर आलाच. "इतकी वर्षं दिलं, ते काय वाया जातं? डॉक्टरसुद्धा थक्क झाले. एवढं मोठं ऑपरेशन, पण कुणाचा एक थेंब घ्यावा लागला नाही. सगळं आपलं स्वतःचं."

"काय सांगता," त्यांतला एक म्हणाला.

"विचारा की कुणालाही."

कुणी कुणाला विचारलं नाही. सेक्रेटरी पायांकडे बघत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. जावयाचा चमचा मधेच थांबला नाही. ह्यांच्या हनुवटीवर सूप ओघळलं ते त्याने रुमालाने टिपलं, आणि बाही वर गेली तेव्हा दंडावरचा तो निळा-पिवळा डाग दिसला. मुलीने तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे बघून बारीक मान हलवली. आणि मी, जन्मभर तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेली मी, मी गप्प बसले, कारण ह्यांना ताण देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या सभेत हे सांगायला हवं, भाऊ. तरुणांना स्फूर्ती मिळेल." हे हसले आणि हात जोडून सगळ्यांना निरोप दिला.

दार लागल्यावर मी म्हणाले, "का बोललात असं?"

ह्यांनी अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "मी देणारा माणूस आहे. लोक मला त्यासाठी ओळखतात. एकदा घेतलं म्हणून कळलं की मागचं सगळं फिटलं असं धरतात. तुला नाही कळायचं ते."

"मला आठ पिशव्या कळतात," मी म्हणाले. "माणसं उपाशी येऊन देऊन गेली. जेवणाची सुट्टी होती त्यांची."

"त्यांचे उपकार आहेतच. पण ती कुठे आपल्या ओळखीची आहेत? त्यांना कुणी विचारणार नाही." मग त्यांनी मान वळवली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "जावईबापू, जरा इकडे या."

जावई वाटी ठेवून जवळ गेला. ह्यांनी त्याचा हात हातात घेतला, तोच हात, आणि थोपटला. इतक्या वर्षांत ह्यांनी त्याला असं कधी जवळ बोलावलं नव्हतं, त्याच्याशी ह्या आवाजात कधी बोलले नव्हते. मुलीचे डोळे भरून आले. मलाही वाटलं, चला, उशिरा का होईना. माझा सगळा राग त्या क्षणी विरघळायला तयार बसला होता.

"तुम्ही समंजस आहात," हे म्हणाले. "ह्या बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्ही मात्र कुठे बोलू नका. कारखान्यातही सांगून ठेवा, त्या लोकांनी बाहेर बोलू नये म्हणून. एवढं करा माझ्यासाठी."

जावयाने दुसऱ्या हाताने बाही खाली ओढली. मग म्हणाला, "नाही बोलणार, बाबा. त्यांनाही सांगतो."

ह्यांनी समाधानाने त्याचा हात सोडला आणि डोळे मिटले. गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात. इथे तर वैद्याला मुकाट्याने मरायला सांगून वर त्याच्याकडून होकारही घेतला. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मी उठले, तो वाटी-चमचा उचलून बेसिनमध्ये ठेवला, पिशवी काखोटीला मारली आणि जावयाला म्हणाले, "चला, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तूही चल गं."

चपलांचा आवाज ऐकून ह्यांनी डोळे उघडले. "सगळेच निघालात? माझ्याजवळ कोण थांबणार?"

"मंडळाला बोलवा," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं.